मी झोपलो होतो, शाहीर

शाहीर अमर शेख यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मायन्यावरच माझे दोन दिवस गेले. 'तीर्थरूप' लिहायला घेतलं, पण तो शब्द आमच्या बाबांसाठी राखलेला. 'कॉम्रेड' लिहिलं आणि खोडलं, कारण पक्षाची पावती मी जन्मात फाडली नाही. लहानपणी मोर्चाला गेलो असेन तो बाबा परतताना भजी घेऊन द्यायचे म्हणून. शेवटी नुसतं 'शाहीर' ठेवलं. आमच्या भागात शाहिरांची वाण कधीच नव्हती. अण्णा भाऊ होते, गव्हाणकर होते, साबळे होते. विठ्ठल उमप तर पलीकडच्या नायगावचेच. पण आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत 'शाहीर' हा शब्द पुढेमागे काही न जोडता उच्चारला जाई तो तुमच्यासाठी. बाकीच्यांना आडनाव लागायचं.

इकडचं वर्तमान असं की हिंदमाता जागेवर आहे. हे मुळात एका सिनेमाचं नाव. मग ते बसस्टॉपचं झालं, मग कापडबाजाराचं झालं, आणि आता टीव्हीच्या कृपेनं पाणी तुंबण्याचं झालं आहे. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस लागला की बातम्यांची पोरं इथं येऊन गुडघाभर पाण्यात उभी राहतात आणि मागं आमचे दुकानदार ड्रेस मटेरियलचे गठ्ठे वरच्या फळीवर चढवत असतात. आमचा भाग म्हणजे बशी. चहूकडचं पाणी उतरून इथं येतं आणि भरती असली की समुद्र ते घेत नाही. आता पालिकेनं सेंट झेवियर्सच्या मैदानाखाली आणि प्रमोद महाजन कलापार्काखाली मोठाल्या टाक्या बांधल्यात. तुंबलेलं पाणी पंपानं तिकडं ढकलतात. कलापार्क वर आणि तुंबलेलं पाणी खाली, यावर तुम्ही एक वग सहज उभा केला असता. पण खोटं कशाला बोलू, पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं.

गिरण्यांचं विचारू नका. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. तो संपला, असं आजतागायत कोणी जाहीर केलेलं नाही. त्या हिशेबानं आमचे बाबा संपावर असतानाच गेले.

पत्रास कारण माझी नात. आठवीत आहे, इंग्रजी शाळेत. इंग्रजीच्या बाईंनी 'गतकाळातला एक लाडका बॅलड सिंगर' असा विषय देऊन दोन पानं लिहून आणायला सांगितली. वर्गातल्या पोरांनी मोबाइल उघडून एकेक विलायती साहेब धरला. कोणाच्या हातात गिटार, कोणाच्या कपाळावर झुलपं. ही माझ्यापाशी येऊन बसली. "आजोबा, बॅलड म्हणजे काय?" म्हटलं, पोवाडा. "मग पोवाडेवाला चालेल का?" म्हटलं, न चालायला काय धाड भरलीय! मग तिनं वही उघडली, पेनाचं टोपण मागं लावलं आणि विचारलं, "तुम्ही कोणाला ऐकलंय, प्रत्यक्ष?"

आणि इथं, शाहीर, माझी पंचाईत झाली. पंचाईत का, ते सांगतो. पण आधी साहेबाचं सांगून टाकतो, नाहीतर राहील.

न चालायला काय धाड भरलीय, हे मी उगाच म्हटलं नाही. आमच्या पोवाड्याला 'बॅलड' हे नाव साहेबानंच लावून ठेवलंय. हॅरी ॲक्वर्थ म्हणून मुंबईचा एक म्युनिसिपल कमिशनर होता. वडाळ्याचं कुष्ठरोग्यांचं इस्पितळ अजून त्याच्याच नावानं ओळखतात. आमच्या इथून बसनं फार तर वीस मिनिटं. या गृहस्थाला पोवाड्यांचा नाद. शंकर तुकाराम शाळिग्रामांना जोडीला घेऊन त्यानं जुने पोवाडे मिळवले आणि 1891 साली पुस्तक काढलं, 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे'. पुढं 1894ला त्यातले काही इंग्रजीत नेऊन विलायतेत छापले, तिथं त्यांचं झालं 'बॅलड्स'. दिवसा गटारं आणि महारोग्यांची सोय बघायची आणि उरलेल्या वेळात अफझलखानाच्या वधाचा पोवाडा उतरवून घ्यायचा, असा कमिशनर आम्हाला पुन्हा भेटायचा आहे. तर त्याचे उपकार मानून मी नातीला म्हटलं, तुझ्या बाईंनी हरकत घेतली तर सांग, हा शब्द तुमच्याच साहेबानं आमच्यासाठी वापरलाय.

मात्र ॲक्वर्थकडून एक गोष्ट राहून गेली. अफझलखानाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाचे शब्द आपल्याला मिळाले, आवाज मिळाला नाही. त्याला इलाज नव्हता, अज्ञानदासाच्या काळी यंत्रं नव्हती. तुमच्या वेळी होती.

आता माझं. नातीनं विचारलं तेव्हा मी तोंड उघडून 'अमर शेख' म्हणणार होतो. गेली पन्नास वर्षं हेच म्हणत आलोय. बँकेत असताना डब्याच्या वेळी, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर गणपतीच्या मांडवात माईकवरून, की मी अमर शेखांना प्रत्यक्ष ऐकलंय, परळच्या कामगार मैदानावर, नऊ वर्षांचा असताना. ऐकणारे भुवया उंचावतात. कोणी विचारतो, "काय हो, खरंच माईक लागायचा नाही?" मी मान डोलावतो. "पहाडी आवाज," मी म्हणतो. सगळेच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. पण नातीच्या पेनाचं टोक वहीवर टेकलेलं होतं आणि ती माझ्याकडं बघत होती. म्हातारपणी माणूस दोन ठिकाणी खोटं बोलू शकत नाही, डॉक्टरकडं आणि नातीकडं. डॉक्टरकडं तरी मी थोडं बोलतो.

मी तुम्हाला ऐकलेलं नाही, शाहीर. मी झोपलो होतो.

रागावण्याआधी त्या रात्रीचं ऐका. हिवाळा होता. बाबांची पहिली पाळी, म्हणजे पहाटे उठलेला माणूस. तरी घरी येऊन आंघोळ केली, मला म्हणाले, "चल, शाहीर आहेत." आईनं माझ्या अंगात बनियनवर दोन सदरे घातले. मैदानावर बसायला बाबांनी 'मराठा'चा अंक पसरला, अर्धा त्यांच्याखाली, अर्धा माझ्याखाली. शेंगदाण्याची पुडी दिली. मग भाषणं. मग आणखी भाषणं. गिरणी, बोनस, महागाई भत्ता. तुम्ही व्यासपीठावर आलात तेव्हा माणसं उठून उभी राहिली आणि मला फक्त पाटलोणी दिसल्या. बाबांनी खाली ओढून बसवलं. डफावर थाप पडली, तुणतुण्याची तार वाजली, आणि तिथंच माझी गाडी सुटली. पहिल्या चौकाला मी जागा नव्हतो.

अशा आवाजात पोरगं झोपतं कसं, असं तुम्ही विचाराल. आमच्या चाळीत जन्मलेल्या पोरांना मोठ्या आवाजाची भीती नव्हती. भोंग्यावर आम्ही कूस बदलायचो. खालच्या गाळ्यात रातपाळीहून आलेले वीस-पंचवीस जण भजन म्हणायचे, वर आम्ही गाढ. आवाज थांबला की जाग यायची, कारण आवाज थांबणं म्हणजे काहीतरी बिनसलं.

आता आमच्या बाबांविषयी. तुम्ही त्यांना ओळखत नव्हता. तुमच्यासमोर हजारो डोकी असायची, त्यातलं ते एक. साताऱ्याकडचे. बदली म्हणून लागले, मग साचेखात्यात कायम झाले आणि तीसएक वर्षं साच्यापुढं उभे राहिले. साचेखातं तुम्हाला सांगायला नको, तुम्हीही गिरणीत काम केलेलं. शेकडो साचे एकदम चालतात, धोटा डावीकडून उजवीकडे आपटतो, आणि शेजारच्याशी बोलायचं तर हातानं किंवा ओठांनी बोलावं लागतं. दहा-बारा वर्षांत बाबांचे कान गेले. घरी ते ओरडूनच बोलायचे, म्हणून पाहुण्यांना वाटायचं नवरा-बायकोचं भांडण चाललंय. आई हाताच्या खुणांनी त्यांना विचारायची, भाकरी हवी का, अजून एक की पुरे. रेडिओ त्यांना ऐकू यायचा नाही. कीर्तनाला गेले तर बुवांचे ओठ बघून मान डोलवायचे. पोरांची गाऱ्हाणी ऐकू यायची नाहीत, हा त्यातला फायदा.

पण तुम्ही त्यांना ऐकू येत होता.

तुमच्या आवाजावर लोकांनी पुष्कळ लिहिलंय. अत्र्यांनी तुम्हाला महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. (बाबांना बरेच दिवस वाटत होतं की मायकोव्हस्की हे नव्या रशियन साच्याचं नाव आहे.) कोणी डोंगर म्हणतो, कोणी वादळ म्हणतो. पण तुमचा आवाज एवढा मोठा का असावा लागत होता, हे मला कोणाच्या लेखात सापडलं नाही. तुमच्यासमोर मैदानात जे बसत होते त्यांतले कितीतरी अर्धे बहिरे होते, शाहीर. साचेखात्यातले विणकर, लोखंडाच्या कारखान्यातले लोक. नाजूक गळ्याचा गवई त्यांच्या काय कामाचा? तुमच्याकडून त्यांना शब्द आख्खा मिळायचा. घरी येऊन बाबा आईला पोवाडा जसाच्या तसा म्हणून दाखवायचे, बेसूर, पण एक शब्द इकडचा तिकडं नाही. जो माणूस बायकोनं 'तेल संपलं' म्हटलेलं ऐकू शकत नव्हता, तो. आईचं त्यावरचं मत निराळं होतं. ती म्हणायची, "एवढं ओरडून गातो तो माणूस, त्याला कोणी ज्येष्ठमध देतं का नाही?" एकदा खरंच तिनं पुडी बांधून दिली होती, 'शाहिरांना द्या' म्हणून. बाबांना पुढं जायचा धीर झाला नाही. पुडी महिनाभर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती, धुण्यात गेली.

बाबा तुमची गोष्ट सांगायचे तीही पोवाड्यासारखी. बार्शीचा पोरगा, मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी, तिच्या तोंडी गाणी. पोरगा मोटारीवर क्लीनर झाला, मग गिरणीत लागला. बार्शीच्या गिरणीत संप झाला, पोरगा विसापूरच्या तुरुंगात गेला, तिथं त्याला लाल बावट्याची माणसं भेटली. पुढं कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत गेला आणि तिथल्या मित्रांनी त्याचं नाव ठेवलं अमर शेख. इथं बाबा दर वेळी थांबायचे आणि म्हणायचे, "नाव दुसऱ्यांनी ठेवलं, पण निभावलं यानं." मग 1944, अण्णा भाऊ, गव्हाणकर आणि तुम्ही, लाल बावटा कलापथक. मग संयुक्त महाराष्ट्र. अण्णा भाऊंनी 'माझी मैना' लिहिली आणि ती तुमच्या गळ्यातून गिरणगावात आली. साताऱ्याला बायको ठेवून आलेल्या माणसांनी ती कशी ऐकली असेल, ते सांगताना बाबा आईकडं बघायचे नाहीत. लग्नानंतर आई सहा वर्षं गावाला होती. मुंबईला खोली मिळाली तेव्हा ती आली आणि मग मी झालो. चौपाटीच्या एका सभेत झोळी फिरली तेव्हा बाबांनी खिशातलं होतं नव्हतं ते टाकलं आणि परळपर्यंत चालत आले. सकाळी पहिल्या पाळीला उशीर झाला, अर्ध्या दिवसाचा पगार कापला. त्या कापलेल्या अर्ध्या दिवसाचा हिशेब आई मरेपर्यंत तुमच्या नावावर मांडत होती. मी आता तो सोडतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. तुम्हाला एवढी घाई कसली होती?

1969चा पावसाळा मला आठवतो तो चाळीच्या वाचनालयातल्या बाकावरून. बाबांना अक्षरं जुळवत वाचता यायचं, ऐकण्यापेक्षा बरं. 13 जूनला अत्रे गेले. बाबा दोन दिवस जेवले नाहीत, मग जेवले. 18 जुलैला अण्णा भाऊ गेले. बाबा काही बोलले नाहीत, नुसते गच्चीवर जाऊन उभे राहिले, पाऊस होता तरी. त्याच आठवड्यात माणूस चंद्रावर उतरला. आम्हा पोरांना त्याचंच वेड, बाबांना त्याचं काही नाही. आणि 29 ऑगस्टला तुम्ही. इंदापूरजवळ, मोटारीचा अपघात. ज्यानं पोटासाठी पहिल्यांदा मोटारच पुसली, त्याला मोटारीनंच न्यावं. त्रेपन्नावं वर्षही पुरं नाही. पेपर बाबांनी माझ्याकडं दिला आणि म्हणाले, "मोठ्यानं वाच." मी वाचलं. "अजून मोठ्यानं," म्हणाले. मी ओरडून वाचलं. वाचनालयातली माणसं बघायला लागली. "ऐकू येत नाही," बाबा म्हणाले. मी तिसऱ्यांदा वाचलं नाही.

तीन माणसं अडीच महिन्यांत. संयुक्त महाराष्ट्राच्या व्यासपीठावरचा लिहिणारा, रचणारा आणि गाणारा. अत्र्यांचं राहू द्या, त्यांनी सत्तरी गाठली होती. तुम्ही आणि अण्णा भाऊ पन्नाशीच्या आसपास. गिरणगावाला मोठी पडझड पुढं बघायची होती, आणि ती बघताना गाणारं कोणी हवं होतं, तर तुम्ही दोघं बेचाळीस दिवसांच्या अंतरानं चालते झालात. 1982ला मैदानं पुन्हा भरली तेव्हा बाबा सभेहून घरी येऊन म्हणाले, "भाषणं चांगली झाली म्हणतात." त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

नातीला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की अमर शेखांवर लिही. तिनं मोबाइलवर तुमचं नाव टाकलं आणि जे आलं ते माझ्यापुढं धरलं. तुम्ही! 'प्रपंच' सिनेमातला कुंभार. 1961चा सिनेमा. चाक फिरतंय, मातीचे हात, कपाळावर घाम, आणि डोळे कुठंतरी वर लागलेले. ती रंगून बघत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर म्हणता पहाडी आवाज. हा तर किती मऊ आहे." मी म्हटलं, बाळ, तो आवाज सुधीर फडक्यांचा. तोंड शाहिरांचं.

बाबूजींवर माझा राग नाही. गदिमांचे शब्द, बाबूजींचा गळा, त्या कुंभाराला दुसरा आवाज शोभलाही नसता. पण हा योग बघा. उभ्या महाराष्ट्रात ज्याच्या आवाजाची ख्याती, त्याचा चेहरा आज घराघरांत पोचतो तो दुसऱ्याच्या आवाजात. नात म्हणाली, "मग त्यांचा स्वतःचा लावा ना." आम्ही शोधत बसलो. घरात तुमची तबकडी कधी नव्हती, वाजवायला यंत्रही नव्हतं. जे हाती लागलं ते त्या एवढ्याशा फोनमधून खरखरत आलं. नातीनं कानाला लावलं, मग माझ्या कानाला लावलं. एखाद्या पुराच्या पाण्याला पेल्यात घालून 'पूर कसा दिसतो बघ' म्हणावं, तसं वाटलं. ती सभ्य मुलगी आहे, "छान आहे" म्हणाली.

अण्णा भाऊंचं बरं चाललंय, हेही कळवतो. 1 ऑगस्टला आमच्या पुलाखाली त्यांचे फलक लागतात, ट्रकवर डीजे लागतो, पोरं नाचतात. डीजेवर वाजतं ते अण्णा भाऊंचं नसतं, पण वाजतं. तुमच्या 20 ऑक्टोबरला त्याच पुलाखाली मी तरी कोणाला बघितलं नाही. कारण मला कळतं आणि ते लिहायला हात जड होतो. आमच्याकडं हल्ली माणूस मेल्यावर त्याला सांभाळायला जात लागते. तुम्ही बार्शीचे पटेल, नाव घेतलंत शेख, बायको केलीत कुसुम जयकर, गायलात मराठीतून शिवाजी आणि कामगार. तुमचा फलक कोणी आणि कोणत्या रंगात लावायचा, हे पोरांना ठरवता येत नाही. मुंबई विद्यापीठात तुमच्या नावाचं अध्यासन आहे, ते आपलं काम करतंय. तुमची मलिका कवयित्री झाली. तिच्या आत्मकथनात तुम्ही भेटता ते बाप म्हणून, आणि तो बाप मला मैदानातल्या शाहिरापेक्षा खरा वाटला. तुमच्या पुस्तकांत 'कलश' आहे, 'धरतीमाता' आहे. म्हणजे शब्द आहेत. शब्दांचं ॲक्वर्थसाहेबाच्या काळापासून बरं चाललंय.

तर विनंती. तुम्हाला नव्हे, तुम्ही काय करणार. हे पत्र उघडं आहे, तुमच्याआधी दुसरेच वाचणार, त्यांना. साठ-पासष्टच्या सुमारास काही हौशी लोकांकडं, युनियनच्या कचेऱ्यांत, गावातल्या एखाद्या डॉक्टरकडं स्पूलचे टेपरेकॉर्डर आलेले होते. शाहीर तर गावोगाव फिरत होते. कोणाच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत असं एखादं स्पूल असेल, ज्याच्या डबीवर पेन्सिलीनं 'शाहीर' असं काही लिहिलेलं असेल, तर घर रिकामं करताना ते भंगारवाल्याला देऊ नका. वाजत नाही म्हणून टाकू नका. वाजवू शकणारी माणसं आहेत, विद्यापीठात आहेत, फिल्म अर्काइव्हजमध्ये आहेत. आणि वाजलं, तर हेडफोनवर ऐकू नका. मोठ्या कर्ण्यावर लावा, मैदानात लावा. तो आवाज खोलीच्या मापाचा नव्हता.

राहिली नात. रात्री ती पुन्हा वही घेऊन आली. "मग काय लिहू? तुम्ही ऐकलंय की नाही?" तेव्हा मी तिला जे झालं ते सांगितलं. दोन सदरे, शेंगदाणे, पाटलोणी, डफाची पहिली थाप आणि झोप. तिनं विचारलं, "काहीच आठवत नाही?" मी आठवून बघितलं. आणि शाहीर, एक गोष्ट होती, जी मी कोणाला सांगितली नव्हती, कारण ती माईकवरून सांगण्यासारखी नाही. झोपेत माझ्या पाठीवर बाबांचा हात होता. तळवा नव्हे, बोटं. साच्यावर तुटलेले धागे जोडून जोडून त्या बोटांची टोकं दगडासारखी झालेली. ती बोटं माझ्या पाठीवर वाजत होती, डफाच्या बरोबरीनं, थापेला थाप. मध्येच थांबायची, मग झीलकऱ्यांनी सूर उचलला असेल, तशी चारी बोटं एकदम पडायची. ते मला अजून येतं. मी नातीला म्हटलं, वळ. तिनं पाठ केली. मी वाजवून दाखवलं. चुकलोही असेन. ती म्हणाली, "अजून एकदा," मग वहीत काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं नाही.

सकाळी जाग आली तेव्हा मी घरात होतो. बाबांनी खांद्यावर टाकून आणलं असणार, आणि ते पाळीला गेलेले. आई तोंड धुवायला घेऊन गेली आणि हसायला लागली. माझ्या गालावर 'मराठा'ची अक्षरं उमटली होती, उलटी, ठसठशीत. तुमच्या कार्यक्रमातून मी घरी आणलं ते एवढंच. आईनं तेल लावून पुसलं.

लोभ आहेच, वाढावा ही विनंती.

आपला,
साचेखात्यातल्या एका श्रोत्याचा मुलगा

ता. क. निबंधाला बाईंनी दहापैकी सात दिले. तीन स्पेलिंगचे कापले.